कोरड्या सुईच्या अक्का

जळकोटला महामार्गाच्या कडेला एक पाटी होती. त्यावर 'अ‍ॅक्युपंक्चर' लिहिलेलं होतं. रंगाऱ्याला जागेचा अंदाज आला नसावा. त्यानं 'अ‍ॅक्यु' वरच्या ओळीत बारीक काढलं आणि 'पंक्चर' खालच्या ओळीत चांगलं ठळक. त्यामुळं दिवसाआड एखादा ट्रक पाटीसमोर थांबायचाच. ड्रायव्हर खाली उतरून मागच्या चाकाकडं बोट दाखवायचा आणि खोलीतून पांढरं लुगडं नेसलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या महानंदा अक्का बाहेर येऊन शांतपणे सांगायच्या, "पुढं जावा. डाव्या हाताला तिसरं दुकान. इथं माणसांचं काम असतंय."

एकदा असाच हैदराबादकडचा एक ड्रायव्हर आला. बोलता बोलता त्यानं सलग चार-पाच शिंका दिल्या. डोळे लाल, नाकाचा शेंडा सोललेला. अक्कांनी चाकाकडं पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडं पाहत म्हणाल्या, "नाक बंद है ना? कब से? आव, कुंद्रो." मराठी, दखनी आणि कानडी अशा तीन भाषा त्यांच्या एका वाक्यात सहज मावायच्या. कुंद्रो म्हणजे बसा, हे त्या माणसाला कसं कळलं कोण जाणे, पण तो बसला. पुढं कितीतरी महिने तो ट्रक त्या रस्त्यानं जाताना खोलीसमोर लांबलचक हॉर्न द्यायचा.

"अक्का, पाटी बदलून घ्या की," मी म्हणालो होतो.

"कशाला वो गुर्जी? थांबत्यात तर खरं. दहातल्या एकाचं तरी नाक चोंदलेलं असतंयच."

मी जळकोटच्या शाळेवर बदली होऊन आलो, तो सोयाबीनच्या मळणीचा हंगाम होता. मूळचा मी भूम तालुक्यातल्या ईटचा, शेतकऱ्याच्याच घरातला. धूळ आणि भुसकट मला नवं नव्हतं, पण चाळिशी ओलांडली आणि त्यांचं माझ्याशी काय बिनसलं कळेना. सकाळी उठल्याबरोबर शिंका, वर्गात खडूची पूड उडाली की शिंका. गालाची हाडं ठणकायची, वाकलो की कपाळात कुणी दगड भरलाय असं वाटायचं. गोळी घेतली की शिंका थांबायच्या आणि मी फळ्यापुढं उभ्या उभ्या पेंगायचो. पोरं खूश असायची. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "एकदा अक्कांकडं जाऊन या. सुई टोचत्यात, पण कोरडी."

कोरडी सुई हा गावाचा शब्द. सुई म्हणजे इंजेक्शन आणि इंजेक्शन म्हणजे त्यात औषध, एवढंच गावाला ठाऊक. अक्कांच्या सुईत औषध नव्हतं. केसासारखी बारीक, नुसती सुई. सुरुवातीला लोक विचारायचे, "अक्का, औषध भरायचं इसरलाव का?"

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. उभी हयात आसपासच्या गावांतून बाळंतपणं केली, लसी टोचल्या. लग्न केलं नाही. त्याचं कारण मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनाच सर्दीचा आणि डोकेदुखीचा असा त्रास जडला की रात्रपाळी नकोशी झाली. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी सुया लावून त्यांना मोकळं केलं. दुसरं कुणी असतं तर नमस्कार करून घरी आलं असतं. अक्कांनी त्या डॉक्टरांकडंच शिकायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेली बाई सुट्टीच्या दिवशी एसटीनं सोलापूरला जायची, निम्म्या वयाच्या पोरापोरींबरोबर बाकावर बसायची, परीक्षा द्यायची. प्रमाणपत्र खोलीत टांगलेलं होतं, पण दाराआड. दार उघडं असलं की ते दिसायचंच नाही, आणि दार कायम उघडं असायचं.

मी गेलो तेव्हा "शरणार्थी" असा लिंगायती नमस्कार करून त्यांनी खाटेकडं बोट केलं. नाकाबद्दल एक शब्द नाही. पहिला प्रश्न आला, "वाकळ उन्हात कधी टाकली होती?"

मला आठवेना.

"वर्गात फळा कोण पुसतंय?"

"मीच."

"वल्ल्या फडक्यानं का कोरड्या?"

"कोरड्या."

"मग सुईनं काय करायचं सांगा बरं?" असं म्हणत त्यांनी हात धुतले आणि माझ्या उशाशी आल्या. नाकपुड्यांच्या कडेला दोन, भुवयांच्या मधे एक, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दोन्ही हातांवर एकेक, गुडघ्याखाली दोन. प्रत्येक सुईगणिक कानडीत मोजत गेल्या, "ओंदु, एरडु, मूरु..." एळु म्हणजे सातपर्यंत. दुखलं म्हणावं तर दुखलं नाही. बेचक्यात मात्र जडशी कळ उठली, तेव्हा सुई जागेवर बसली म्हणून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

वीस मिनिटं त्या खाटेजवळ उभ्या होत्या. पेशंटला सुया लावल्या की अक्का बसायच्या नाहीत. माझं कपाळ हळूहळू उतरत गेलं. एक नाकपुडी सुटली, मग दुसरी. खोलीच्या मागच्या घरातून कसलासा वास आला आणि मी पडल्या पडल्या म्हणालो, "कढीपत्ता."

अक्कांचा चेहरा असा उजळला की जणू मी बोर्डात पहिला आलो. "कढीपत्ता व्हय? फोडणीत का नुसताच?"

"फोडणीत. लसूण पण आहे."

"लसूण पण!" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

हे त्या प्रत्येकाला विचारायच्या. नाक सुटलं की पहिला वास कशाचा आला. कुणी शेणाचा सांगायचं, कुणी डिझेलचा, कुणी शेजारच्या माणसाच्या घामाचा. काहीही सांगा, अक्का सगळं कान देऊन ऐकायच्या आणि आणखी एखादा प्रश्न विचारायच्या. मला तेव्हा तो त्यांचा नुसता लाघवीपणा वाटला.

आठवड्यातून दोनदा असा दीड महिना मी गेलो. शिंका पार बंद झाल्या असं नाही, पण गोळी निम्म्यावर आली आणि फळ्यापुढं पेंगणं थांबलं. त्यात सुईचा वाटा किती आणि ओल्या फडक्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. अक्कांनाही विचारलं होतं. म्हणाल्या, "ते माझ्या गुरूलाबी नीट सांगता यायचं न्हाय. कुणाला गुण येतो, कुणाला थोडा येतो, कुणाला न्हाय. येईल ते घ्यायचं."

सुया मोजण्याचं मात्र त्यांना वेड होतं. घालताना मोजायच्या, काढताना मोजायच्या, आकडा जुळल्याशिवाय पेशंटला उठू द्यायच्या नाहीत. मग त्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात पडायच्या आणि डबा भरला की सरकारी दवाखान्यात जमा व्हायचा. एकदा वापरलेली सुई पुन्हा नाही.

गावात वीरभद्रप्पा नावाचे आडत व्यापारी होते. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. दिवसभर तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांत बसून त्यांचं नाक कायमचं बंद. पण सुईचं नाव काढलं की हा माणूस घाबरायचा. बायकोनं पाठीमागं उभं राहून त्यांना खोलीत आणलं तो दिवस मी पाहिलाय. माझा नंबर त्यांच्यानंतर होता. अप्पांनी डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि म्हणाले, "अक्का, टोचताना सांगा."

"टोचून झाल्या की अप्पा. सात."

अप्पांनी एक डोळा उघडला. खरंच झालं होतं. मग त्यांना जो हुरूप आला, तो आवरेना. तेवढ्यात फोन वाजला. दुकानापुढं तुरीचा ट्रक उभा होता आणि दुसराच कुणी व्यापारी तो माल उतरवून घेत होता. अप्पा "आलो!" म्हणून जे उठले, ते अक्का पलीकडच्या पेशंटजवळून वळेपर्यंत रस्त्यावर गेले होते. कपाळावर एक, नाकाच्या दोन बाजूंना दोन अशा तीन सुया उन्हात चमकताहेत, धोतर एका हातात धरलेलं आणि तोंडानं शिव्या चालू, असा तो व्यापारी भर महामार्गावरून चालला होता. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. मागून अक्का, त्यांच्यामागं मी.

हमालांनी अप्पांचं तोंड पाहिलं आणि पोतं तिथंच टाकलं. भांडण आपोआप मिटलं. अक्कांनी भर दुकानात अप्पांना पोत्यावर बसवलं आणि सुया काढायला सुरुवात केली. चेहऱ्यावरच्या तीन, हातांच्या दोन, एका पायाची एक. सहा झाल्या. सातवी सापडेना.

"जाऊ द्या हो अक्का, एक सुई ती काय!"

"धान्यात पडली तर? कुणाच्या भाकरीत जाईल ती, अप्पा?"

अप्पांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं. हमाल, अप्पा, अप्पांची बायको, मी, सगळे खाली बसून खोलीपासून दुकानापर्यंतची वाट हातभर हातभर बघत गेलो. तासाभरानं सुई सापडली ती अप्पांच्याच धोतराच्या निऱ्यांत. अक्का "एळु" म्हणाल्या आणि मगच पदरानं घाम पुसला. अप्पांचं नाक किती सुटलं माहीत नाही, पण त्या दिवसापासून ते अक्कांसमोर आवाज खाली ठेवून बोलायला लागले.

हे अप्पाच पुढं एका वाईट दिवशी उपयोगी पडले.

नागनाथची पिठाची गिरणी शाळेच्या वाटेवर होती. बारीक अंगाचा, हसरा माणूस. पिठानं त्याच्या पापण्या कायम पांढऱ्या असायच्या. त्याला शिंकांचा त्रास होता आणि जोडीला दमाही होता. छातीसाठी डॉक्टरांनी रोज ओढायचा पंप दिला होता. अक्कांच्या सुयांनी त्याचं नाक चांगलंच सुटलं. इतकं, की त्याला वाटलं आता आपण पुरते बरे झालो. त्यानं पंप फळीवर ठेवून दिला आणि कुणालाच सांगितलं नाही.

एका दुपारी बाराच्या सुमाराला त्याची बायको सुरेखा त्याला धरून अक्कांच्या दारात आली. मी मधल्या सुट्टीत तिथं होतो. नागनाथचे ओठ काळपट पडले होते, खांदे वरखाली होत होते, शब्द फुटत नव्हता. सुरेखा रडत म्हणाली, "अक्का, सुई लावा. लवकर लावा."

अक्कांनी सुयांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला पुढं वाकून बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली. "पंप कुठंय ह्याचा?"

"घरी हाय. ते घेतच न्हाईत आता. तुमच्या सुईनं गुण आला की..."

अक्कांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. पण हात थांबले नाहीत. "गुर्जी, पळा. पंप आणा. आणि अप्पाला म्हणावं, जीप काढ."

मी शाळेतल्या पोरांसारखा पळालो. परत आलो तेव्हा अप्पांची जीप दारात होती. अक्का आपला मागचा नर्सचा जन्म आठवून एकेक गोष्ट करत होत्या. पंप ओढायला लावला, श्वास मोजला, त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. सुरेखाला म्हणाल्या, "ह्याला सुई न्हाय चालायची पोरी, ह्याला दवाखाना पायजे." नळदुर्गच्या दवाखान्यापर्यंत त्या जीपच्या मागच्या बाकावर नागनाथला छातीशी धरून बसल्या. अप्पांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

नागनाथ वाचला. चौथ्या दिवशी घरी आला. गाव म्हणालं, अक्कांनी जीव वाचवला. अक्का मात्र खोलीला कुलूप लावून घरात बसल्या. मी भेटायला गेलो तर पुढ्यात पेशंटच्या नावांची वही घेऊन बसल्या होत्या.

"म्या परत इचारलंच न्हाय त्याला, गुर्जी. वाकळ इचारली, फडकं इचारलं. पंप चालू हाय का, हे एकदा इचारलं, परत न्हाय इचारलं. आणखी किती जणांनी काय काय सोडलं आसंल?"

दुसऱ्या दिवसापासून त्या वहीतल्या एकेका घरी निघाल्या. पायी. वय साठीच्या पुढं, गुडघे दुखणारे. जळकोटातली घरं झाली, मग आसपासच्या वस्त्या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मीही बरोबर जायचो. दारात उभं राहून एकच प्रश्न असायचा, "डॉक्टरचं औषध चालू हाय न्हवं? दाखवा मला." लोकांना आधी गंमत वाटायची, मग ते गोळ्यांची पाकिटं आणून दाखवायचे. एका म्हाताऱ्यानं रक्तदाबाची गोळी सोडली होती. एका बाईनं साखरेची. दोघांनाही अक्कांनी असं झापलं, की शेजारपाजारच्यांनी आपापल्या गोळ्या कुणी न सांगताच घेतल्या.

शेवटचं घर नागनाथचं. ते त्यांनी मुद्दाम मागं ठेवलं असावं. सुरेखा भाकरी करत होती. अक्का चुलीशेजारीच पाटावर टेकल्या आणि नागनाथला म्हणाल्या, "माझं चुकलं बाबा."

तो गोंधळला. "तुमचं कसं, अक्का? पंप म्या ठिवला."

"तू ठिवलास ते खरं. पण तुला वाटलं कशापायी? म्या सांगायला कमी पडले म्हणून."

सुरेखा हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. मला ओसरीवर वास आला, नागनाथला आला, सुरेखानं दचकून भाकरी ओढली. अक्का तव्यापासून हातभर अंतरावर होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. धूर डोळ्यांसमोर आला तेव्हा कुठं त्यांनी तव्याकडं बघितलं.

परत येताना मी विचारलं, "अक्का, तुम्हाला वास येत नाही?"

 त्यांनी सरळ सांगून टाकलं. कोरोनात त्यांना पुन्हा ड्युटीसाठी हाक आली होती. निवृत्त होत्या, नाही म्हणता आलं असतं. गेल्या. ताप आला, गेला, पण वास गेला तो परतला नाही.

"सोलापूरच्या डॉक्टरनं सुया लावल्या, म्या सवता आरशात बघून लावल्या. दुसरी औषधं झाली. न्हाय आला. आता कशाला त्या सुईच्या मागं लागायचं?"

"मग लोकांना विचारता ते..."

"बरं वाटतंय वो ऐकून. दूध तापताना साय धरायच्या आधी एक वास येतो बघा. त्यो कुणीच सांगत न्हाय. बाकी सगळे मिळत्यात." आणि त्या हसल्या. त्या हसण्यात कीव मागणारं काही नव्हतं. 

आठवड्यानं खोली उघडली. दाराआडचं प्रमाणपत्र होतं तिथंच राहिलं, पण समोरच्या भिंतीवर एक नवा पुठ्ठा लागला. अक्षर माझं, मजकूर अक्कांचा: 'डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलंही औषध सोडू नये. छातीत घरघर असेल तर इथं थांबू नये. सुई ही जादू नाही.' मी म्हणालो, असं लिहून पेशंट कमी होतील. झाले नाहीत. उलट नागनाथच गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आता तो नाकाला फडकं बांधून दळायचा आणि पंप मुद्दाम शिवून घेतलेल्या खिशात ठेवायचा.

पुढं माझी बदली झाली, भूम तालुक्यात, माझ्या गावाजवळ. निरोपाला गेलो तेव्हा अक्कांनी नाक धुवायच्या मिठाच्या पाण्याचं प्रमाण कागदावर तिसऱ्यांदा लिहून दिलं आणि वाकळ उन्हात टाकत जा म्हणून बजावलं. फोन अधूनमधून व्हायचा. मग कळलं, अक्कांनी खोली बंद केली. काही बिघडलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. एका सकाळी सुई धरलेली बोटं किंचित थरथरली आणि त्यांनी ती सुई खाली ठेवली. पेशंट कोण होता, तर वीरभद्रप्पा. ते म्हणाले, "एवढ्या थरथरीनं काय होतंय? लावा." अक्का म्हणाल्या, "साकु, अप्पा." साकु म्हणजे पुरे. उरलेल्या पेशंटना त्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठ्या दिल्या, न वापरलेल्या सुया त्या डॉक्टरांनाच पोचत्या केल्या आणि पाटी उतरवून घेतली.

मला वाईट वाटलं. दिवसभर उभं राहणारी बाई, आता घरात बसून काय करत असेल? मागच्या मार्गशीर्षात एका सहकाऱ्याच्या घरचं कार्य होतं म्हणून जळकोटला गेलो, आणि दुपारी अक्कांच्या घराकडं वळलो. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "भावाच्या रानात असत्यात दिवसभर. ज्वारी हुरड्यावर आलीय."

रानात गेलो. बांधावर त्यांची भावजय हुरडा भाजत होती. मला पाहून म्हणाली, "वन्संला भेटायचंय व्हय? त्या काय, वर."

ज्वारीच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधलेला होता आणि माळ्यावर अक्का उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, डोक्याला भावाचं जुनं मफलर, हातात गोफण. मी खालून "शरणार्थी" म्हणून हाक मारली.

"गुर्जी! आलाव का? थांबा जरा, उतरते. ह्या पाखरांनी लई ताप दिलाय."

"अक्का, हात कसा आहे?"

त्यांनी उजवा हात पुढं केला. खालूनही थरथर दिसत होती. त्या स्वतःच तिच्याकडं पाहून हसल्या. "सुईला नेम लागतो वो गुर्जी. गोफणीला नुसता आवाज लागतो. पाखराला मारायचंय कुठं? उठवायचंय."

आणि माझ्याकडं पाठ करून त्यांनी डोक्याभोवती गोफण गरगर फिरवली. फाटकन आवाज झाला. पलीकडच्या कणसांवरून पाखरांचा अख्खा थवा एका झटक्यात वर उठला आणि अक्का माळ्यावर टाचा उंचावून, कपाळावर हात धरून, तो थवा कुठं जातोय ते बघत राहिल्या.